चार बोटं साल

मेपलच्या बुंध्याला हात लावला तर ओलं लागलं. धम्मशीलानं बोटं नाकाशी नेली. कच्च्या काकडीसारखा वास आला. छातीच्या उंचीवर वीतभर रुंद साल निघाली होती आणि आतलं लाकूड खरचटलेल्या गुडघ्यासारखं पांढरं दिसत होतं. खाली गवतात सालीच्या पट्ट्या पडल्या होत्या. कुणीतरी निवांत बसून दोडके सोलले असावेत तशा.

ती झाडाभोवती फिरली. सोललेला पट्टा बुंध्याला जवळजवळ पुरा वळसा घालून आला होता. कुंपणाच्या बाजूला तेवढी साल शाबूत होती. तिनं त्यावर बोटं टेकवून मोजली. चार बोटं.

झाडाचं अन्न सालीतून खाली उतरतं हे तिनं वाचलं होतं. वळसा पुरा झाला की मुळं उपाशी मरतात आणि त्यांच्यामागून सगळं झाड जातं. एक-दोन उन्हाळे ते उभं राहतं, एवढंच. आणि या मुळांत पप्पा होते.

फेब्रुवारीत पप्पा, म्हणजे दादासाहेब, गेले. नदी नको, पिंड नको, भटजी नको, हे त्यांनी वीस वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं. मार्चमध्ये आलटून पालटून तिघांनी खोरं चालवलं, धम्मशीलानं, तिच्या भावानं प्रज्ञेशनं आणि त्यांच्या आईनं. राख मातीत कालवली, वंदना म्हटली आणि खोरं धुऊन ठेवलं. हे झाड दादासाहेबांनीच लावलेलं. आधी त्यांनी कुंडीत पिंपळ लावला होता. रीडिंगच्या थंडीनं तो दोन हिवाळ्यांत नेला. मग बसडेपोतून सुटल्यावर एका संध्याकाळी ते मेपलचं रोप काखेत मारून आले आणि म्हणाले, "हाच आपला पिंपळ. पानं जरा कातरलेली आहेत, चालवून घ्या." त्याला बावीस वर्षं झाली. दर चौदा ऑक्टोबरला त्याच्याखाली मेणबत्ती लागायची.

"काय बघतीस गं?" लताबाई मागच्या दारात चहाचे दोन कप घेऊन उभ्या होत्या.

"आई, झाड कुणीतरी सोललंय."

लताबाई जवळ आल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "उन्हानं निघाली आसंल साल."

"ऊन? या देशात?"

"चा गार व्हतोय," लताबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

धम्मशीला खाली वाकली. सालीच्या पट्ट्यांमध्ये भुईमुगाची दोन-चार टरफलं होती. त्यांच्या घरात शेंगा आणायच्या त्या भाजून डब्यात भरायच्या. बागेत टरफलं टाकायचं कुणाला काय कारण? तिनं ती उचलून खिशात घातली आणि कुंपणाकडे पाहिलं. कुंपणातल्या लहान फाटकाजवळच्या चिखलात बुटाचा ठसा होता. मोठा, पुरुषाचा.

पलीकडे डेरेक राहायचा. शहात्तर वर्षांचा, रेल्वेच्या सिग्नलवर काम केलेला, एकटा. नऊ वर्षांपूर्वी त्यानं कौन्सिलला पत्र लिहिलं होतं की शेजारच्या मेपलची सावली माझ्या टोमॅटोंवर पडते. कौन्सिलचा माणूस टेप घेऊन आला होता. ते पत्र पप्पांनी जपून ठेवलं होतं, फाइलमध्ये, प्लॅस्टिकच्या कव्हरात. धम्मशीला ईलिंगच्या लायब्ररीत नोकरीला होती आणि रविवारी तेवढी इकडे यायची. पण ते पत्र तिला तोंडपाठ होतं.

टोमॅटो अजून तिथंच होते. सावलीत.

*

"खारी," डेरेक म्हणाला. तो कुंपणापलीकडे घमेल्यात हात धूत होता. बोटं सांध्यांत सुजून वाकडी झाली होती. "करड्या. जूनमध्ये हेच करतात. तरणी पिल्लं जास्त झाली की टोळकं माजतं. मेपल त्यांना फार आवडतो."

"इतकी वर्षं नाही केलं ते."

"इतकी वर्षं डाडा होता ना."

त्याच्या तोंडी पप्पांचं ते तोडकं नाव ऐकून तिला कसंसंच झालं. "म्हणजे?"

"म्हणजे आम्ही कमी करत होतो. माझ्याकडे छऱ्याची बंदूक आहे. त्याच्या बागेत मारायचं तर त्याची परवानगी लागते. ती त्यानं दिलेली." त्यानं हात पँटला पुसले, आत गेला आणि बराच वेळ लावून परत आला. घडी पडलेला कागद त्यानं कुंपणावरून पुढे केला.

डेरेकनं माझ्या बागेत खारी मारायला माझी हरकत नाही. सकाळी आठच्या आत. रविवार सोडून. असं इंग्रजीत लिहिलेलं. खाली सही होती, देवनागरीत. दादासाहेब. शेवटच्या ब ला ते नेहमी जरा जास्त पोट काढायचे, तसंच काढलेलं. ही सही डेरेकला सात जन्मांत जमली नसती.

तिचा संशय कमी झाला नाही. त्यानं नुसती जागा बदलली. ज्या माणसाचं पत्र फाइलमध्ये लावून ठेवलं, त्याला पप्पा फाटकातून आत घेत होते आणि घरात कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

"रविवार का सोडून?" तिनं विचारलं.

डेरेकनं तिच्याकडे नीट पाहिलं. "त्याची इच्छा," तो म्हणाला. "हवं तर उद्यापासून बसतो मी. तू हो म्हण फक्त. आता घर तुमचं."

"नको."

"बरं. पण एक सांगू? इतक्या खारी एका बागेत आपोआप येत नाहीत. कुणीतरी खायला घालतंय."

खिशातली टरफलं तिनं मुठीत दाबली. स्वतः टाकायची आणि वर सांगायचं, असाही माणूस असतो, तिला वाटलं.

*

लायब्ररीतून महिन्याची रजा काढून ती इथंच राहिली आणि आठवडाभर झाडाशी झटत राहिली. हार्डवेअरच्या दुकानातून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणली. ती बुंध्याला गुंडाळताना तारेची टोकं तळव्यात घुसली. दुसऱ्या सकाळी जाळीच्या वर, पहिल्या फांदीपाशी, नवी साल निघालेली. मग तिनं तिखट व्हॅसलिनमध्ये कालवलं आणि शिडीवर चढून हातानं फासलं. त्या हाताचा अंगठा डोळ्याला लागला. ती शिडीवरच एक डोळा मिटून पाच मिनिटं उभी राहिली. खाली उतरली तर लताबाई ओलं फडकं घेऊन तयार.

"एवढं तिखट रश्श्यात घातलं आस्तं तर माणसं जेवली आस्ती."

"तू हस."

"हसती कुठं? डोळा धू आधी."

त्या दुपारी पाऊस झाला. तिखट गवतात उतरलं. रात्र सरल्यावर धम्मशीलानं जाळी सोडून मोजलं. जाळीच्या आत घुसून कुरतडलं होतं. तीन बोटं.

प्रज्ञेशचा फोन आला. तो स्टॅनमोरला राहायचा आणि चालता चालता फोन करायचा. "ताई, ट्री सर्जन बोलाव ना. इट्स अ ट्री."

"राख आहे तिथं."

"आय नो. मी पण होतो तिथं." आणि मग, "आई काय म्हणते?"

"आई म्हणते ऊन लागलं."

आईबद्दलही तिच्या मनात काहीतरी सलत होतं. सोमवारी किलोभर शेंगा आणलेल्या. शुक्रवारी डबा अर्धा. लताबाईंची कवळी शेंगदाणे चावू देत नव्हती. कूट केलेलं दिसत नव्हतं. विचारलं तर म्हणाल्या, "डब्याला काय तळ आसतो का?" या उत्तराला काही अर्थ नव्हता, आणि अर्थ नसलेलं उत्तर देणारी बाई ती नव्हे.

शनिवारी पक्कड शोधायला ती पप्पांच्या शेडमध्ये शिरली. पाने, स्क्रू ड्रायव्हर, सगळं खिळ्यांवर मापानं लावलेलं, डेपोतल्यासारखं. खालच्या फळीवर गोणपाट होतं. ते उचललं तर खाली लाकडी पाट, मधोमध काळपट डाग पडलेला. आखूड पात्याची सुरी, धार लावून लावून झिजलेली. लोखंडी कढई. एका बरणीत काळा मसाला, आणि बरणीवरच्या चिकटपट्टीवर आईचं अक्षर. महिन्याचं नाव आणि वर्ष. गेलं वर्ष.

कढईला तिनं नाक लावलं. खोबरं, लसूण आणि त्याखाली आणखी काहीतरी. पाटाच्या भेगेत करडे केस अडकलेले होते.

ती गोणपाट परत घालून बाहेर आली. पक्कड आणायची राहिलीच.

*

रविवारी पाचला उजाडलं. धम्मशीला वरच्या लहान खोलीच्या खिडकीत पडद्याआड बसली होती. फाटक उघडेल, डेरेक येईल, खिशातून शेंगा काढेल, ती मोबाइलवर फोटो घेईल. मोबाइल मांडीवर तयार होता.

दार वाजलं ते खालचं, स्वतःच्याच घराचं.

लताबाई बाहेर आल्या. अंगात साडीवर दादासाहेबांचा डेपोचा जाड कोट, पायात त्यांचेच मोठे रबरी बूट. हातात स्टीलची ताटली. गवतातून पाय ओढत त्या झाडापाशी गेल्या, ताटली बुंध्याशी ठेवली, दोन पावलं मागं सरून उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत. नुसते पोटावर धरले.

फांदीवरून एक खार डोकं खाली करून उतरली. एक कान फाटलेला. ताटलीच्या काठावर पुढचे पाय ठेवून तिनं शेंग उचलली. लताबाई तिच्याशी बोलत होत्या. काचेतून शब्द येत नव्हते, पण मान हलत होती. बाजार, गुडघा, प्रज्ञेशची मुलं, असलंच काहीतरी रोजचं असावं. मग आणखी खारी आल्या. चार, सहा. ताटली रिकामी झाली तशी फाटक्या कानाची बुंध्यावर चढली, जाळीच्या वर थांबली आणि दात लावले.

धम्मशीला अनवाणीच खाली धावली. "आई!"

खारी उधळल्या. लताबाई वळल्या. चोरी पकडलेल्या मुलासारखं त्यांनी ताटलीवर पाऊल ठेवलं.

"तू घालतेस?"

लताबाईंचं पाऊल ताटलीवरून हललं नाही.

"झाड मरतंय, आई. त्याच मारतायत. तू बघतेयस रोज."

"थोडंच तर कुरतडत्यात."

"तीन बोटं राहिलीत! कशासाठी घालतेस?"

"त्यास्नी शेंगा आवडायच्या," लताबाई म्हणाल्या. "राख घातली त्याच्या दुसऱ्या दिशी मी हितं उभी व्हते. पदरात चार शेंगा. ती फाटक्या कानाची आली, सरळ पायापाशी. भ्याली न्हाई. माझ्याकडं आसं बघितलं..." त्यांनी स्वतःच्या डाव्या कानाला हात लावला. "ह्यांचा पण डावा कान तसाच व्हता. बैलाच्या शिंगानं फाटल्याला."

गवताचं पाणी पायांना गार लागत होतं. धम्मशीलाच्या तोंडून नको तेच निघालं. "पप्पा आयुष्यभर कावळ्याला घास घालणाऱ्यांना हसले."

"म्हणून तर कावळ्याला न्हाई घातलं," लताबाई म्हणाल्या.

पलीकडे डेरेकच्या स्वयंपाकघरात दिवा लागला.

"शेडमधली कढई बघितली मी," धम्मशीला म्हणाली.

"बघणारच. तुझं नाक लहानपणापासनं लांब."

"काय शिजवायचे ते तिथं?"

"ह्याच की." लताबाईंनी फांद्यांकडे हनुवटी केली. "डेरेक मारायचा, हे सोलायचे. मसाला माझा. कोंबडीपरास ग्वाड लागती. गावाकडं दुष्काळात गलोलीनं लाव्हं मारली, ससं मारलं, त्यावर वाढल्याला माणूस. हात गप बसत न्हवता."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

लताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. "तू बारा वर्सांची व्हतीस. तुझी मैत्रीण आली आन् मागच्या दाराला ससा टांगल्याला. तिनं शाळंत सांगितलं. तू जेवताना काय म्हणालीस ह्यास्नी, आठवतं?"

आठवत होतं. ती इंग्रजीत म्हणाली होती, आपण आता तुमच्या गावात नाही आहोत. इंग्रजीत, कारण त्या भाषेत पप्पांना उलट उत्तर पटकन सुचायचं नाही. पप्पांनी वरणभात संपवला होता, ताट धुऊन ठेवलं होतं. त्यानंतर घराला पुन्हा कधी ससा दिसला नाही.

"तू रविवारी येतीस," लताबाई म्हणाल्या. "म्हणून रविवारी बंद."

*

सोमवारी साडेसहाला डेरेक फाटकातून आत आला. कागदाच्या मागच्या बाजूला धम्मशीलानं नवी परवानगी लिहून दिली होती. दिवसांचा उल्लेख केला नव्हता. त्यानं ती वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली.

शेडच्या दारात स्टुलावर तो बसला. बंदूक मांडीवर, नळी बुंध्याकडे, छरा रुतायला मागे मातीचा ढीग येईल अशी. लताबाई घरात पुढच्या खोलीत रेडिओ लावून बसल्या. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"पूर्वी हे काम आपोआप व्हायचं," डेरेक हळू आवाजात म्हणाला. "ससाणे होते, झाडांवर चढणारी मुंगसासारखी जनावरं होती. माझा बाप इस्टेटीवर रखवालदार. त्यानं आणि त्याच्या बापानं सगळी मारली, मालकाच्या शिकारीचे तितर वाचवायला. घारीसुद्धा. आता घारी परत आणून सोडल्यात, पण त्या मेलेलं खातात. जिवंत खारीच्या वाटेला जात नाहीत. मग उरलो आम्ही म्हातारे."

"आणि पप्पा."

"तो जास्त चांगला होता. नेम नाही, हात." त्यानं स्वतःची बोटं पाहिली. "तो गेल्यापासून मी एकही मारली नाही. मारून करू काय? मला सोलता येत नाही आता."

टप् असा आवाज झाला. पुस्तक जमिनीवर पडावं तसा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा. आठ वाजेपर्यंत चार झाल्या.

पाट तिनं बाहेर काढला. पहिली खार हातात घेतली तेव्हा ती अजून ऊबदार होती आणि वाटलं होतं त्यापेक्षा जड. तीस वर्षं धम्मशीलानं मांसाला हात लावला नव्हता. डेरेक सांगत गेला. शेपटीच्या मुळाशी आतून काप, आरपार नको. शेपटीवर बूट ठेव. मागचे पाय धर आणि वर ओढ. पहिल्यांदा शेपटीच तुटून आली आणि ती तोल जाऊन मागं बसली. "डाडाचं पण पहिल्यांदा असंच झालं," डेरेक म्हणाला. ते खोटं असणार हे तिला कळलं. दुसऱ्या वेळी कातडं एका ओढीत निघालं, ओला बनियन डोक्यावरून काढावा तसं. आत निळसर लाल अंग, छोट्या मांड्या. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

रेडिओ बंद झाला. लताबाई शेडच्या दारात आल्या. पाटावर शेवटची खार होती. फाटक्या कानाची.

धम्मशीलानं सुरी खाली ठेवली. "आई, तू आत जा."

लताबाई वाकल्या. एका बोटानं त्यांनी तो कान उलटा केला, सरळ केला. मग खारीला पोटावरून चाचपलं. पुन्हा चाचपलं. केस फुंकरीनं बाजूला केले.

"आगं," त्या म्हणाल्या, "ही तर बाई हाय."

त्या सावकाश सरळ झाल्या.

"तीन म्हैनं," लताबाई म्हणाल्या, "तीन म्हैनं मी परक्या बाईला शेंगा घातल्या. घरातलं सगळं सांगितलं तिला. गुडघ्याचं सुदिक!" आणि त्यांना हसू फुटलं. खांदे हलायला लागले, कवळी हातात काढून घ्यावी लागली. डेरेकला शब्द कळला नाही, तरी तोही हसला. मग लताबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसू संपल्यावरही थांबलं नाही. राख घालताना त्या रडल्या नव्हत्या. धम्मशीलाचे हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. तिनं नुसता खांदा आईच्या खांद्याला टेकवला.

"सोल तिला," लताबाई शेवटी पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "मी खोबरं भाजते."

आतडी आणि डोकी डेरेकनं खोऱ्यावर घेऊन शेडच्या छपरावर फेकली. हा घारींचा वाटा, डाडाचा नियम, तो म्हणाला. घार आली तेव्हा रस्सा उकळत होता. तिची सावली खिडकीवरून सर्रकन गेली, छपरावर नखं वाजली. लताबाईंनी मान वर केली.

"घार आहे, आई," धम्मशीला लगेच म्हणाली. "तिला रोजच भूक असते."

"म्हायती हाय. मी काय बोलले?"

तिघं स्वयंपाकघरात जेवली. डेरेकनं भाकरी बरोबर मोडली, कुणीतरी शिकवलेली. धम्मशीलाच्या ताटात आईनं न विचारता एक मांडी वाढली. ती तिनं बराच वेळ रश्श्यात फिरवली. मग खाल्ली. हाड बारीक होतं. ते तिनं ताटाच्या कडेला नीट ठेवलं.

*

पुढच्या पंधरा दिवसांत आणखी पाच झाल्या. खारी संपल्या नाहीत. पण टोळकं मोडलं, असं डेरेक म्हणाला. धम्मशीला दर सकाळी मोजत राहिली. एकदा दोन बोटं झाली. तिथं थांबली. कडेला सालीचा ओठ सुजल्यासारखा जाड व्हायला लागला. भरतंय, डेरेक म्हणाला, पण पुढच्या वसंतापर्यंत काही सांगता येत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिला पहाटे खालचं दार वाजल्याचं ऐकू आलं. ती उठून खिडकीशी गेली. पडदा बोटभर बाजूला केला.

लताबाई कोट घालून झाडाकडे चालल्या होत्या. हातात स्टीलची ताटली.

धम्मशीला दाराकडे वळली, मग थांबली आणि परत काचेशी आली.

लताबाई बुंध्याला पाठ टेकून गवतात बसल्या. ताटली मांडीवर घेतली. एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला. चावता येईना तेव्हा तो गालात धरून चघळत राहिल्या. मग दुसरी. वर फांदीवर एक कोवळी खार पुढं-मागं करत होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. ताटली संपायला पाऊण तास लागला.

मग त्या उठल्या, वळल्या आणि कुंपणाच्या बाजूला जाऊन जाळीत हात घातला. बोटं टेकवली. उचलून पुन्हा टेकवली. गवतातली टरफलं एकेक वेचून ताटलीत घेतली, आणि घराकडे निघाल्या.

धम्मशीला खाली आली आणि चहाला आधण ठेवलं.

"किती?" लताबाई आत आल्यावर तिनं विचारलं.

"दोन," लताबाई म्हणाल्या, आणि ताटली धुवायला घेतली.